चौकटीवर डोकं आपटलं त्याला दोन महिने झाले. अजून डोकं जड, चिडचिड, वाचलेलं राहत नाही. वय २३. मेंदूला मार बसला असेल का?

चौकट लागायच्या आधी तुमचं डोकं हलकं होतं का? वाचलेलं सगळं राहत होतं? नक्की?

मला हेच एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं आणि मी छातीठोक 'हो' म्हणालो होतो. थाप होती ती.

तीन वर्षांपूर्वी मी पोलीस भरतीची तयारी करत होतो. यवतमाळ जिल्ह्यात आमचं गाव, तीन एकर चना, आणि शेतातली लाईन आठवड्यातले चार दिवस रात्रीची. बाराला मोटर चालू करायची, अंधारात स्प्रिंकलरचे पाइप हलवायचे, चिखलात पाय गारठून जायचे. तीनला घरी, पाचला १६०० मीटर पळायला, मग काळा चहा ढोसून अभ्यासिकेत. अशात गावच्या कबड्डीत घोटा धरायला गेलो आणि चढाईवाल्याचा गुडघा कानशिलात बसला. दहा-बारा सेकंदांचं आजही काही आठवत नाही. स्कॅन नॉर्मल आला (कन्कशनमध्ये, म्हणजे मार बसून मेंदू हादरतो तेव्हा, बहुतेक वेळा येतोच, त्यावर जाऊ नका). पण दोन महिने उलटले तरी डोकं जडच, आणि लेखीत चार मार्कांनी राहिलो.

मोठेबाबांनी निकाल लावला, "सांगतलं होतं ना तुले, कबड्डीनं डोक्शाचं मातेरं केलं." तेव्हापासून लग्नात, तेरवीत, पोळ्याला तेच. गाडीची किल्ली विसरलो तरी कबड्डी. मलाही पटलं होतं. कोणाचं नाव आठवलं नाही की वाटायचं, गेला मेंदू.

मग रद्दी काढताना अभ्यासिकेतली वही सापडली. समासात माझंच अक्षर: "डोकं धरलं. पंचायत राज पुन्हा कोरं. बाबावर ओरडलो." तारीख सामन्याच्या पाच आठवडे आधीची. मोठेबाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पान नाकाशी नेलं आणि म्हणाले, "तारीख तं कोणी बी टाकते."

खेळाडूला मार लागला की २२ लक्षणांची यादी पुढे ठेवतात, प्रत्येकाला ० ते ६ गुण. डोकेदुखी, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, झोपेचा बिघाड. कधी ठेचही न लागलेल्या धडधाकट पोट्ट्यांना ती भरायला दिली तरी बऱ्याच जणांची बेरीज शून्य येत नाही. जागरण, उपाशीपोटी चहा, कमी पाणी, परीक्षेची धास्ती, कमी रक्त, यातलं काहीही पुरतं. शिवाय मार बसला की आधीचे दिवस होते त्याहून छान वाटू लागतात. रात्रीचं ओलीत घरातल्या कोणी माझ्या एकट्याच्या गळ्यात टाकलं होतं? मोठेबाबांनीच. दोष मात्र गुडघ्याला.

तेव्हा आधी आठ दिवस सात-सात तास झोपा. हिमोग्लोबिन तपासा, सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) चाचणी झाली नसेल तर तीही करून घ्या, आपल्या विदर्भात तो कमी नाही. चौकटीआधीचा महिना कसा होता ते आईला विचारा, स्वतःला नको. आणि घरचं कोणी खेळाला किंवा मोबाइलला दोष देऊ लागलं, तर रात्री मोटर चालू करायला कोण जातं एवढं विचारा.

हे उशिरा सांगतोय, पण माझं ऐकून मार हलका घेऊ नका. कन्कशन खरं असतं, मलाही झालंच होतं. मोठ्या माणसांत ते बहुधा दोन आठवडे ते महिनाभरात ओसरतं, तुमचे दोन महिने झालेत, म्हणून डॉक्टरला एकदा दाखवाच. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, एका बाजूची ताकद जाणं, गुंगी, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि डोक्याला लागलं त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही. मी पुढच्याच चढाईला उतरलो होतो, मोठेबाबा बाहेरून "बस बे खाली" ओरडत असताना.