डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळात शरण आलेल्या गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) सोडलं आणि त्यानं पुढं गाव जाळलं, तर पॅलडिनची, म्हणजे शपथ घेतलेल्या धर्मयोद्ध्याची, शक्ती जाते का?

नाही, जाऊ नये. जाळपोळ गॉब्लिननं केली, पॅलडिननं नव्हे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७८ च्या कडक नियमांतही पॅलडिनपद कायमचं जायचं ते जाणूनबुजून केलेल्या दुष्कृत्यानं; बेशिस्तीला सातव्या किंवा वरच्या पातळीच्या धर्मगुरूपुढं कबुली आणि प्रायश्चित्त होतं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर अलाइनमेंटची, म्हणजे पात्राच्या ठरलेल्या चांगल्या-वाईट वृत्तीची, सक्तीच नाही, महत्त्व शपथेला.

कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही खेळतो तिथं याच प्रश्नावरनं एक चांगला खेळाडू खेळ सोडून गेला. मला अजून वाईट वाटतं. दया दाखवणाऱ्याला शिक्षा केली की पुढच्या वेळी सगळे कैदी मारतातच, बघा. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सांगा, शक्ती काढू नका. जळालेल्या गावाची जबाबदारी पॅलडिनला घेऊ द्या.