लेकीच्या बाळंतपणाला निघताना लॅपटॉपचं इंटरनेट

प्रश्न : मी सांगलीत राहते, वय ५९. बावीस वर्षं मुद्रितशोधन करते. ऑगस्टमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी ७५ दिवस जर्मनीत स्टुटगार्टला जाते आहे. नेमके हेच दिवाळी अंकांचे दिवस. दोन अंकांची प्रुफं हातात आहेत आणि ती सोडायची नाहीत. लेक-जावई नुकतेच नव्या घरात गेलेत, तिथे इंटरनेटची जोडणी मिळायला महिना-दीड महिना लागेल म्हणतात. भाचा म्हणतो, इथूनच रोमिंगचा पॅक मार. शेजारी म्हणतात, डोंगल घे. बेताच्या खर्चात लॅपटॉप कसा चालवू? आणि बँकेचे ओटीपी इथल्या नंबरवर येतात, त्यांचं काय?

उत्तर : ताई, काम सोडत नाही आहात हे वाचून फार बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वी मी मुलाकडे कार्लस्रूहला तीन महिने होते, तेव्हा हे सदर तिथूनच लिहीत होते. त्यामुळे सांगते ते केलेलं सांगते.

डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचं इंटरनेटचं वेगळं यंत्र, घेऊ नका. तुमचा फोन हाच डोंगल. फोनवर डेटा घ्यायचा, हॉटस्पॉट (फोनचं इंटरनेट वायफायवरून वाटून देणारी सोय) चालू करायचा, लॅपटॉप त्याला जोडायचा. शक्य असेल तेव्हा वायफायऐवजी चार्जिंगच्या केबलनेच फोन लॅपटॉपला जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. जोडणी पक्की राहते आणि फोनची बॅटरीही उतरत नाही.

इथला रोमिंग पॅक ७५ दिवसांसाठी महागात जातो. जर्मनीत आल्डी, लिडल अशा किराणा दुकानांची स्वतःची प्रीपेड सिमकार्डं असतात. दूध-पाव घेता घेता गल्ल्यावरच सिमचं पाकीट मिळतं. साधारण दहा-पंधरा युरोंत चार आठवड्यांचा पॅक येतो आणि तेवढा डेटा प्रुफांना पुरून उरतो. मात्र २०१७ पासून तिथे ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. माझ्या वेळी व्हिडिओ कॉलवर एका मुलीने पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला लावला, उजेडात तिरका करून चकाकी दाखवायला सांगितली, नंबर मोठ्याने वाचून घेतला. दहा मिनिटांत झालं. पण त्या कॉललाही इंटरनेट लागतं, तेव्हा लेकीच्या फोनचा हॉटस्पॉट घ्या. पत्ता तिच्या घरचा द्या. व्हिडिओवर जमलं नाही तर पासपोर्ट घेऊन पोस्टात जाऊन ओळख पटवायची सोय आहे का, ते सिमच्या पाकिटावर बघा.

आता लॅपटॉपची भूक. हा भाग मन लावून वाचा, पैसे इथेच जातात. कार्लस्रूहला पहिल्याच संध्याकाळी मी हॉटस्पॉट लावून एक मेल पाठवला, स्वयंपाकघरात कुकर लावून आले, तोवर ४ जीबी संपले होते. मी काहीच उघडलेलं नव्हतं. लॅपटॉप मात्र आपण वायफायवर आहोत असं समजून विंडोजचं अपडेट उतरवत बसला होता. उपाय सोपा आहे, तो सांगलीतच करून ठेवा. स्वतःच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडा, सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, त्या जोडणीचे गुणधर्म उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग मोठी अपडेटं थांबतात. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हची फाइल-जुळणी हाताने थांबवा. फोनमधला फोटोंचा बॅकअपही फक्त वायफायवर ठेवा. केबलने जोडाल तेव्हा ती जोडणी लॅपटॉपला वेगळी वाटते, म्हणून तिलाही मीटर्ड करा.

तुमच्या कामाचं तर मला विशेष सांगायचंय. सबंध अंकाची चित्रांसकट पीडीएफ मागवू नका. फर्म्यागणिक, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या थोड्या थोड्या पानांच्या, हलक्या पीडीएफ पाठवायला सांगा. आली की उतरवून घ्या, हॉटस्पॉट बंद करा आणि निवांत वाचा. दुरुस्त्या पीडीएफवर करून अख्खी फाइल परत पाठवण्यापेक्षा पान, ओळ, चूक, दुरुस्ती अशी यादी मेलमध्ये लिहा. तिला डेटा लागतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि अक्षरजुळणी करणाऱ्यालाही तीच सोयीची. डेटा खातो तो व्हिडिओ कॉल, तासाला जवळपास १ जीबी. तो घरच्या माणसांसाठी राखून ठेवा.

ओटीपीसाठी इथलं सिम फोनमध्येच राहू द्या. निघण्यापूर्वी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत ना, ते विचारून घ्या. ८४ दिवसांचा रिचार्ज निघायच्या आदल्या दिवशी मारा, म्हणजे परत येईपर्यंत पुरेल. त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. दोन सिमच्या फोनमध्ये 'एकाचा डेटा संपला की दुसऱ्याचा घ्या' अशा अर्थाचं एक सेटिंग असतं, तेही बंद हवं. भारतातून त्या नंबरवर फोन आला तर उचलू नका, उचललेल्या कॉलचे पैसे पडतात. कट करा आणि व्हॉट्सॅपवर लावा. विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत फोन फ्लाइट मोडवरच राहू द्या, कारण काही विमानांत मोबाइलचं स्वतःचं नेटवर्क असतं आणि त्याचे दर भयंकर असतात.

जर्मन सिम युरोपीय संघातल्या बाकी देशांतही चालतं. जून २०१७ पासून तिथे रोमिंगचे वेगळे पैसे नाहीत, त्यामुळे ऑस्ट्रियाला किंवा फ्रान्सला गेलात तरी काळजी नको. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही. आम्ही कोन्स्टान्सला बोडन सरोवराच्या काठी बसलो होतो, जर्मनीच्याच जमिनीवर, आणि फोनने समोरचा स्विस टॉवर धरला. सिमची शिल्लक बाकावरून उठेपर्यंत संपली. स्टुटगार्टहून लोक तिथे हमखास फिरायला नेतात. जाल तेव्हा जर्मन सिमचंही रोमिंग बंद करा.

फुकटचं इंटरनेटही बरंच आहे. आयसीई या तिथल्या वेगवान रेल्वेगाड्यांत वायफाय मोफत असतं. पण तुम्ही स्टुटगार्टच्या शहर ग्रंथालयात जाच. २०११ साली उघडलेली ती चौकोनी इमारत आतून शुभ्र पांढरी आहे, मजल्यावर मजले पुस्तकांचे, आणि तिथे कुणीही जाऊन बसू शकतं. शांतपणे प्रुफं वाचायला माझ्या मते त्या शहरात याहून चांगली जागा नाही. जड फाइली तिथे उतरवा. बँकेचे व्यवहार मात्र स्वतःच्या सिमवरच करा, सार्वजनिक वायफायवर नकोत. आणि तिथल्या सॉकेटमध्ये आपली तीन पिनांची प्लग जात नाही, तर अ‍ॅडॉप्टर इथूनच न्या.

राहिले जर्मन सिम हाती येईपर्यंतचे पहिले दोन दिवस. फोनवर *#०६# लावून बघा. आकड्यांमध्ये 'ईआयडी' दिसला तर तुमचा फोन ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता चालणारं सिम, घेतो. तसं असेल तर युरोपचा लहानसा, एक-दोन जीबीचा ई-सिम निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर घालून ठेवा. त्याचा क्यूआर कोड लॅपटॉपच्या पडद्यावर उघडा आणि फोनने टिपा. ईआयडी नसेल, तर तेवढ्यापुरता भाच्याचा रोमिंग पॅक घ्या, सर्वांत छोटा. हे सांगते ते तिकिटाची तारीख बघून ठरवा : जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री पोचलात, तर सिम सोमवारीच मिळेल.