मासे खाणारी रानबदकं शिजवून खाण्यासारखी असतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या तुमच्या भावाला शेजारच्या परवानाधारक शिकाऱ्याने दोन मर्गान्सर, म्हणजे मासेखाऊ रानबदकं, दिली आहेत, ती खावीत की नाही, ही पहिली. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यात उतरणारी मासेखाऊ बदकं चवीला कशी असतात, ही दुसरी.

पहिलीचं उत्तर: खाता येतात, नीट केली तर चांगली लागतात. पण क्वचित कधी, आणि फक्त मोठ्या माणसांनी. घरात गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई किंवा लहान मूल असेल तर त्यांना एक घासही देऊ नका. दुसरीचं उत्तर सरळ नाही असं आहे. त्या पक्ष्यांना हात लावायचा नाही, आणि त्याची कारणं मी पुढे सविस्तर सांगतो.

मी काही वर्षं मिनेसोटात नोकरीला होतो. तिथे शरद ऋतूत बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की ओळखीचे शिकारी मर्गान्सर आणून द्यायचे. त्यांच्यातल्या बहुतेकांना ते खायला नको असायचं, आणि मारलेला पक्षी फेकून देणंही त्यांना पटत नसे. त्यामुळे हे मांस मी माझ्या हाताने सोललं आहे, नाशिकहून नेलेल्या काळ्या मसाल्यात शिजवलं आहे आणि खाल्लं आहे.

यात एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवायची. बदकाने जे खाल्लं ते त्याच्या अंगात उतरतं. चरबीत उतरलेला वास काढता येतो, मांसात उतरलेला पारा काढता येत नाही.

मर्गान्सर हे बुडी मारून मासे धरणारं बदक आहे. आपल्या पाहण्यातल्या बदकासारखी पसरट चोच त्याला नसते. त्याची चोच लांब, अरुंद, टोकाला आकड्यासारखी वळलेली असते आणि तिच्या कडांना करवतीसारखे बारीक दाते असतात, निसटता मासा पकडून ठेवण्यासाठी. उत्तर अमेरिकेत याच्या तीन जाती मिळतात: कॉमन, रेड-ब्रेस्टेड आणि हूडेड. आपल्याला मिळालेली बदकं यातली कोणती, हे भावाने आधी त्या शेजाऱ्यालाच विचारावं. हूडेड आकाराने लहान असतं, माशांबरोबर क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव) आणि पाण्यातले किडेही भरपूर खातं, त्यामुळे त्याचं मांस सौम्य लागतं. कॉमन मर्गान्सर मात्र जवळजवळ माशांवरच जगतं, आणि ते शिजवताना घरभर कळतं.

हा वास येतो कुठून? शेळी-मेंढी रवंथ करणारी जनावरं. चाऱ्यातली तेलं त्यांच्या पोटातले जिवाणू आधी बदलून टाकतात, म्हणून शेळीने कुठलाही पाला खाल्ला तरी मटणाची चव फारशी हलत नाही. बदक, कोंबडी, डुक्कर यांच्या पोटात असं काही होत नाही. खाल्लेलं तेल बरंचसं जसंच्या तसं चरबीत जाऊन बसतं. माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं हवा लागली की पटकन खवट होतात, आणि मांस तापलं की तो खवटपणा उसळून वर येतो. याचं फार चांगलं उदाहरण अमेरिकेतल्याच कॅनव्हासबॅक बदकाचं आहे. पाण्याखाली वाढणाऱ्या रानसेलरी या वनस्पतीचे कंद खाऊन पोसलेलं कॅनव्हासबॅक एकोणिसाव्या शतकात तिथल्या बड्या हॉटेलांत मानाचं पक्वान्न होतं. तेच बदक शिंपल्यांवर जगलं की त्याला नको तो वास येतो. जात एकच, फरक फक्त खाण्याचा.

याशिवाय दुसरी एक चव असते, ती लोक माशाच्या वासात गणतात आणि तिथे फसतात. बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना श्वास रोखून पाण्याखाली राहावं लागतं, म्हणून त्यांच्या स्नायूंत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन भरपूर असतं. मांस गडद लाल, जवळपास काळपट दिसतं आणि कलेजीसारखं लागतं. ज्याला कलेजी आवडते त्याला ही चव खटकणार नाही. मला ती आवडते.

आता पाऱ्याचं. कोळसा जाळल्यावर धुरातून निघालेला पारा वाऱ्याबरोबर लांबवर जातो आणि पावसातून तळ्यांत उतरतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा नावाच्या विषारी रूपात रूपांतर करतात. शेवाळातून तो किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्यांत जातो आणि प्रत्येक पायरीला साठत जातो. मासे खाणारं बदक या साखळीत पार वरच्या टोकाला बसलेलं आहे. मिथाइल पारा चरबीत नसतो, तो स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. म्हणजे कातडी सोलली, चरबी काढली, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं, तासभर शिजवलं, तरी तो आहे तिथेच राहतो. पीसीबी नावाची जुनी औद्योगिक रसायनं मात्र चरबीत साठतात आणि चरबीबरोबर बरीचशी निघून जातात. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाने तर स्पष्ट सांगितलं आहे की पाणपक्ष्यांत मर्गान्सर सर्वांत जास्त दूषित असतात, ते खाऊच नयेत. इतर रानबदकं कातडी आणि चरबी काढून, महिन्यातून जास्तीत जास्त दोन वेळा खावीत. मिनेसोटाची तळी वेगळी, पण मासे आणि पारा यांचं गणित तिथेही तेच आहे. म्हणून मी क्वचित म्हणतो. दोन बदकं दोन-तीन मोठ्या माणसांत एकदा संपवली तर मला काळजी वाटणार नाही. कोणी फ्रीजर भरून ठेवत असेल तर मी त्याला थांबवीन.

आता करायचं कसं ते. आपल्याकडे गावठी कोंबडी पिसं उपटून जाळावर भाजतात, कातडीसकट तुकडे करतात आणि कातडीच्या तेलानेच रश्शाला तवंग येतो. या बदकाला ती रीत अजिबात चालणार नाही, कारण सगळा वास त्याच कातडीखाली आहे. पिसं उपटत बसू नका. छातीवर चीर देऊन कातडी पिसांसकट ओढून काढा आणि उरोस्थीच्या दोन्ही बाजूंचे छातीचे तुकडे कापून घ्या. खायचं मांस बहुतेक तेवढंच असतं. मांड्या काढल्या तर त्यांच्यावरची चरबी नखाने खरवडून काढा. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, तिला सुरी लागू देऊ नका, नाहीतर तो वास हाताला आणि पाटाला लागतो. कलेजी टाकून द्या, नको ते तिथे साठतं. मग एकेक तुकडा उजेडात धरून पिवळसर चरबीचा शेवटचा कणही काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण चव याच कामावर ठरते, मसाल्यावर नाही. बोटांनी चाचपून छर्रेही शोधा. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे, तिथे पोलादी छर्रे वापरतात. त्यांनी विषबाधा होत नाही, पण दाढ मात्र तुटते.

तुकडे मिठाच्या गार पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि पाणी लाल झालं की बदला. रक्त उतरतं, कलेजीची चव निम्म्यावर येते. कोणी ताकात किंवा दुधात भिजवतात, मला मीठपाणीच बरं वाटलं. सकाळी तुकडे कोरडे पुसून मांसाच्या धाग्यांना आडव्या अशा पातळ पट्ट्या कापा. आलं, लसूण, हळद आणि चिंचेचा कोळ लावून तासभर ठेवा. आंबटाने माशाचा वास बसतो हे आपल्या कोकणी शेजाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते उगाच कोकम टाकत नाहीत. मग कांदा लालबुंद परतायचा, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, आणि पट्ट्या टाकून सुकं करायचं. रस्सा करू नका. रश्शात उरलासुरला वास पसरतो, सुक्यात तो दबतो. तिथले शिकारी छातीचं मांस आतून गुलाबी ठेवतात. मी पूर्ण शिजवतो. रानपक्षी आहे, आत ७४ अंश सेल्सिअस तापमान गेलंच पाहिजे. पातळ पट्ट्या असल्याने मांस तरीही चिवट होत नाही. बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा. भावाला म्हणावं, एकदा असं करून बघ.

आता नांदूरमध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेली ही पाणथळ. १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या मनोऱ्यावरून हिवाळ्यात जी बदकं दिसतात त्यात खरं मासेखाऊ बदक सहसा नसतंच. मर्गान्सर भारतात येतं, पण हिवाळ्यात ते मुख्यतः हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांवर असतं. आपल्याकडे तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, हळदी-कुंकू बदक दिसतात, आणि त्यांचं पोट प्रामुख्याने पाणवनस्पती, बिया, धान्य, शंख-किडे यांवर भरतं. तुम्ही पाण्यात बुडी मारून मासा घेऊन वर येणारा काळा पक्षी पाहिला असेल तर तो पाणकावळा. लहानसा, गोल, क्षणात गडप होणारा असेल तर टिबुकली. यातलं एकही बदक नाही. आणि काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला, थव्याने पोहणारा वारकरी तर बहुतेक शाकाहारीच आहे.

यांतला कोणताही पक्षी मारणं, पकडणं, त्याची अंडी उचलणं, त्याचं मांस जवळ बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अभयारण्यात शिकार केली तर शिक्षा ३ ते ७ वर्षं कैदेची आहे. मिनेसोटात परवाना, हंगाम, दिवसाची मर्यादा ठरलेली असते आणि परवान्याच्या पैशातून पाणथळी राखल्या जातात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, म्हणून तिथलं चालतं ते इथे चालेल असा हिशेब करता येत नाही. ही पाखरं मध्य आशियातून, सायबेरियातून हजारो किलोमीटर उडून आपल्या दारात येतात. त्यांना इथे धोका असू नये असं मला मनापासून वाटतं.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ते मांस खाऊ नये. आपल्या देशात चोरटी शिकार करणारे काही जण धान्याला कीटकनाशक लावून पाखरं मारतात. ते विष शिजवून जात नाही. रानबदकं बर्ड फ्लूचा विषाणू अंगात बाळगून असतात आणि वरून ठणठणीत दिसतात. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला, तेव्हा तिथल्या कुक्कुटपालकांचं काय झालं ते उत्तर महाराष्ट्रात कोणी विसरलेलं नाही. २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरात बॉट्युलिझमने, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या आजाराने, हजारो पक्षी मेले. काठावर मेलेलं बदक सापडलं तरी हात न लावता वनविभागाला कळवा. कोणी रानबदक विकताना दिसलं तरी कळवा, वनविभागाच्या हॅलो फॉरेस्टचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

तुम्हाला बदकाचं मांस खायचंच असेल तर पाळीव घ्या. मांसासाठी पेकिन किंवा मस्कोव्ही. खाकी कॅम्पबेल अंड्यांची जात, तिच्या अंगावर मांस कमी. शेततळ्यावर बदकं पाळणारे शेतकरी आपल्या जिल्ह्यात शोधले तर सापडतात. घेताना मात्र एक प्रश्न नक्की विचारा: खाद्यात सुकट किंवा मासळीची भुकटी होती का? असेल तर पाळीव बदकालाही तोच मर्गान्सरचा वास येतो, कारण चरबी तशीच बनते. अशी बदकं घरी आणून दोन आठवडे मका, तांदळाच्या कण्या आणि हिरवा पाला यांवर ठेवा आणि मगच कापा. या बदकांची कातडी मात्र काढू नका.