पहिल्यांदाच वर्षाअखेरची साक्ष देणार असशील तर

बघ भाऊ, ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चच्या उपासनेत पहिल्यांदा साक्ष द्यायची, म्हणजे वर्षभरात देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं, म्हणून टेन्शन आलं असेल तर आधी मोबाईल बाजूला ठेव आन् वही घे, जानेवारीपासून एकेक महिना आठवून लिही. "देवानं खूप आशीर्वाद दिले" असं मोघम बोलून बसू नको, कोणते ते सांग.

मी २० वर्षं झाली जालन्याकडं साक्ष देतोय. एका वर्षी बोअर आटला, सोयाबीन हातचं गेलं, मला तर बोलायलाच काही सुचंना, तेव्हा आई उभी राहिली आन् एवढंच म्हणली की टँकर येईपर्यंत शेजारणीनं रोज दोन घागरी पाणी दिलं, त्या घागरी परमेश्वरानंच पाठवल्या. अख्खी मंडळी गप्प झाली, बायकांनी पदर डोळ्याला लावले.

बायबलातलं १ शमुवेल ७:१२ नक्की वाच. शमुवेल संदेष्ट्यानं मिस्पा आन् शेन या गावांमधे धोंडा उभा केला, नाव ठेवलं एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा. तो म्हणला, 'येथपर्यंत परमेश्वरानं आम्हांला साहाय्य केलं.' त्यातलं 'येथपर्यंत' धरून ठेव, पुढच्या वर्षाच्या मागण्या लगेच सुरू करू नको.

यंदा घरात कुणी गेलं असेल तर ते लपवू नको, रडू आलं तर येऊ दे, बायबलातल्या स्तोत्रांत बी रडणं आन् स्तुती शेजारीशेजारीच आहे.

उपकारस्तुतीचं पाकीट, म्हणजे देवाचे आभार म्हणून द्यायच्या दानाचं, घरूनच भरून आण. आन् शाल घे, बारा वाजता आपल्याकडं थंडी लई असते.