उत्तर: 'अखोर'चा अर्थ संकट की आशेचे दार?

सलाम. तरुण संघापुढे होशेयाच्या दुसऱ्या अध्यायावर संदेश द्यायचा आहे, नावांच्या पुस्तिकेत 'अखोर = आशेचे दार' छापलंय, मोबाईलवरचा कोश 'संकट' म्हणतो आणि वडीलधारे सांगतात पुस्तिकेप्रमाणेच बोला. तुमची ही अडचण वाचून राहवलं नाही. याच शब्दापायी माझं एक वर्ष गेलंय.

अखोर हे बायबलमधल्या एका खोऱ्याचं नाव, आणि त्याचा अर्थ संकट, अरिष्ट. आशेचे दार हा त्या नावाचा अर्थ नाही. त्या खोऱ्याचं देव पुढे काय करणार, ते होशेय संदेष्टा सांगतो. दोन्ही एक केलं की अभिवचनातला जीवच जातो.

आखानाची गोष्ट तुम्हाला पाठ असणार: यरीहोच्या लुटीतलं त्याने चोरून ठेवलं आणि या खोऱ्यात त्याला मुलांबाळांसकट दगडमार झाला. फक्त यहोशवा ७:२५ मोठ्याने वाचा. यहोशवा त्याला म्हणतो, तू आम्हाला संकटात का घातलंस, आज परमेश्वर तुला संकटात घालील. हिब्रूत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे आणि खोऱ्याचं नाव त्यावरूनच पडलं. शिमोन-लेवीवर चिडलेला याकोब तेच वापरतो (उत्पत्ती ३४:३०), योनाथान बापाबद्दल बोलताना तेच (१ शमुवेल १४:२९), अहाब एलीयाला तेच म्हणतो (१ राजे १८:१७). १ इतिहास २:७ मध्ये तर हिब्रूत आखानाचं नावच 'आखार' होऊन येतं.

हे सगळे संदर्भ मी एका पत्राद्वारे चालणाऱ्या अभ्यासक्रमाच्या उत्तरपत्रिकेत लिहिले होते. संस्थेचं नाव घेत नाही. उत्तर चूक ठरलं. मी पत्र धाडलं, तर एका ओळीत जबाब आला की पुस्तिकेतला अर्थच ग्राह्य धरला जाईल. पुन्हा लिहिलं, हिब्रू अक्षरं दाखवली: आयिन, काफ, रेश. त्याला उत्तरच नाही. प्रमाणपत्र अडकलं आणि ज्या शास्त्रवर्गावर मला घेणार होते तिथे दुसऱ्याची नेमणूक झाली. गुण गेले त्याचं सोडा. शास्त्र शिकवायला बसलेल्या कचेरीत कुणाला यहोशवाचा सातवा अध्याय उघडावासा वाटला नाही, याचा संताप अजून जात नाही.

म्हणून सांगतो, पुस्तिका बाजूला ठेवा. देवनागरीत 'अखोर' लिहिलं की हिब्रूतला 'मागे' या अर्थाचा शब्दही हुबेहूब तसाच दिसतो, पण त्याची सुरुवातीची अक्षरं आलेफ आणि खेत. बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या कोशात ५९११ हा क्रमांक बघा. आणि होशेयातलं वचन मराठीत २:१५ असलं तरी हिब्रू छापील प्रतीत २:१७ आहे, तिथे गडबडू नका.

आता होशेय. रानातून येणाऱ्याला यरीहोजवळचं हे खोरं म्हणजे देशात शिरायची वाट. पहिल्यांदा शिरताना तिथे दगडांची रास उभी राहिली. होशेय म्हणतो, देव इस्राएलाला पुन्हा रानात नेईल आणि पुन्हा याच वाटेने आत आणील. इथे 'आशा' म्हणून आलेला शब्द तिकवा, आणि यहोशवा २ मध्ये इस्राएलाच्या हेरांना लपवणाऱ्या राहाबेच्या खिडकीतली किरमिजी दोरी, तीही तिकवाच. एकाच यरीहोत परकी बाई दोरीने वाचली आणि यहूदाच्या वंशातला आखान बुडाला. होशेयाच्या मनात हे होतंच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी पंडित नाही, हिब्रू घरी बसून शिकलोय. पण मला तसं वाटतं.

जागेच्या वादात फार शिरू नका. चौथ्या शतकातल्या युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराने खोरं यरीहोच्या उत्तरेला सांगितलं, पण यहोशवा १५:७ मध्ये ते यहूदाच्या सीमेवर येतं, म्हणून बरेच अभ्यासक मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या पश्चिमेचं बुकेआ हे खोरं धरतात. तरुणांना आवडेल अशी एक गोष्ट मात्र सांगा: १८७८ साली वसलेलं, आज इस्राएलात असलेलं पेताह तिकवा (म्हणजे 'आशेचे दार') हे गाव आधी या खोऱ्यातच वसवायचं होतं. उस्मानी सुलतानाने जमिनीचा व्यवहार होऊ दिला नाही, गाव दुसरीकडे झालं, नाव होशेयातलंच राहिलं.

यशया ६५:१० सोडू नका, तिथे हेच खोरं गुरांच्या विसाव्याची जागा होतं. आणि आखानाबरोबर त्याची मुलंबाळं का, हा प्रश्न तरुण विचारणारच. घाईत गुळगुळीत उत्तर देऊ नका. अनुवाद २४:१६ उघडा, बापाच्या पापासाठी मुलांना मारू नये हे तिथे स्पष्ट आहे, आणि दोन्ही वचनं शेजारी ठेवून त्यांच्याशी बोला.