मामंजींच्या रेकॉर्डी भंगारात द्याव्यात का?

प्रश्न : सेलूजवळच्या गावात आमचं जुनं माळवदाचं घर आहे. मामंजींचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्न असो, उरूस असो, गणपती असो की भीमजयंती, पंचक्रोशीत कर्णा त्यांचाच. आता घर पाडून नवीन बांधायचंय. सामान काढताना पत्र्याच्या दोन पेट्या भरून रेकॉर्डी निघाल्या, तीनशेच्या आसपास. काही मोठ्या, काही बशीएवढ्या, काही जाड आणि जड. भंगारवाला किलोवर मागतोय. भाचा म्हणतो, "मामी, नेटवर एकेकीला हजारो रुपये मिळतात." जाऊबाईंना त्या रंगवून भिंतीवर लावायच्यात. वाजवायचं मशीन बंद आहे. काय करावं?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : ताई, भंगारवाल्याला आधी वाटेला लावा. भाच्यालाही थोडा दम धरायला सांगा. तीनशे रेकॉर्डींना एकच भाव लावायचा हा हिशेबच खरा नाही.

मी आयुष्यभर रेडिओ-फोनो दुरुस्तीचं दुकान चालवलं. लाऊडस्पीकरवाल्यांच्या रेकॉर्डी कशा असतात ते मला चांगलं ठाऊक आहे. जड पिकअप (सुई धरणारा दांडा), तीच ती सुई आणि प्रत्येक मांडवात तीच फर्माईश. त्यामुळे त्या काळची गाजलेली सिनेमाची गाणी असलेली तबकडीच सगळ्यात जास्त झिजलेली असते. ट्यूबलाइटखाली तिरपी धरून बघा. खाचा काळ्याभोर चमकण्याऐवजी राखाडी दिसल्या, तर तिचा जीव गेलाय असं समजा. भाचा म्हणतो ते हजारो रुपये खोटे नाहीत, पण ते ओरखडा नसलेल्या, कव्हर शाबूत असलेल्या एलपींचे, म्हणजे मोठ्या रेकॉर्डींचे. त्यातही राहुलदेव बर्मन यांच्या सत्तरच्या दशकातल्या सिनेमांच्या एलपींना परदेशातूनही गिऱ्हाईक असतं. आणि नेटवर मागितलेली किंमत बघायची नसते, माल खरोखर कितीला विकला गेला ते बघायचं असतं. तुमच्या पेट्यांत असा माल निघाला तरी थोडाच निघेल.

जाड आणि जड म्हणता त्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. त्या लाखेच्या असतात. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. हातातून पडली की तुकडे, म्हणून वाकवून वगैरे बघू नका. बारा इंची मोठ्या त्या एलपी आणि बशीएवढ्या त्या ईपी. या दोन्ही प्लास्टिकच्या, फुटत नाहीत पण उन्हाने वाकतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आजच पेट्या खालच्या आतल्या खोलीत आणा आणि रेकॉर्डी वाचनालयातल्या पुस्तकांसारख्या उभ्या लावा. आडव्या थप्प्या नकोत. जमिनीला टेकवूही नका, कव्हरांना वाळवी लागते.

पुसायची घाई नको. बोअरचं पाणी तर अजिबात नको, वाळल्यावर खाचांत पांढरा क्षार बसतो. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ कापड घ्या आणि खाचांच्या दिशेने गोल पुसा. लेबल कोरडं राहू द्या. 78 ला स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका. लाख त्यात विरघळते.

मग वही घ्या. लेबलवर कंपनी, गायक आणि नंबर असतो, तो जसाच्या तसा उतरवा. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला नंबरही घ्या. भाच्याला मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढायला लावा, त्याच्या उत्साहाचा काहीतरी उपयोग होऊ द्या. एचएमव्ही, कोलंबिया भरपूर मिळतील. ओडियन किंवा मुंबईची यंग इंडिया दिसली तर ती बाजूला ठेवा. फार जुन्या 78 वर लेबल पुसलं असेल तर शेवटपर्यंत ऐकायची. गाणं संपल्यावर गायक स्वतःच आपलं नाव सांगतो. कारण सुरुवातीला आपल्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळायला हवं ना!

माझा जीव मात्र उरूस आणि जयंतीच्या रेकॉर्डींत अडकलाय. कव्वाल्या, भीमगीतं, पोवाडे, भारुडं, वग. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे नाट्यगीताशेजारी उर्दू कव्वाली निघाली तर नवल नाही. सिनेमाची गाणी आज कुठेही ऐकायला मिळतात. या छोट्या ईपींवरचं पुष्कळसं कुठेच मिळत नाही. त्यांना भाव नाही, कारण कुणी मागतच नाही. म्हणून आधी या वाचवा, झिजलेल्या असल्या तरी. लेबलवर मामंजींनी साउंड सर्व्हिसचं नाव रंगवलं असेल तर ते खरवडू नका. संग्राहक त्यापायी चार पैसे कमी देईल, देऊ द्या.

त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, पण जाणकाराकडूनच. 78 ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन नुसती खरखर काढते. उलट एलपी चावीच्या फोनोवर लावली तर लोखंडी सुई एका फेरीत तिची वाट लावते. यूट्यूबवर टाकायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा : आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं.

यादी झाली की मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सला पाठवा. 1990 पासून हे लोक याच कामात आहेत. एखाद्या संस्थेला किंवा वाचनालयाला द्यायचं झालं, तर ते काय करणार ते लेखी घ्या. नाहीतर तुमच्या माळवदावरून निघून त्यांच्या कपाटावर जातील, एवढाच फरक. जाऊबाईंना तडकलेल्या आणि राखाडी झालेल्या सिनेमाच्या रेकॉर्डी खुशाल द्या, रंगवू द्या.

राहिलं मशीन. अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्ण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा असेल तर त्याला वेगळं गिऱ्हाईक आहे. फक्त, चालतो का बघायला म्हणून प्लग लावू नका. इतक्या वर्षांनी आतले कंडेन्सर सुकलेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळून जाईल. मागचं झाकण न उघडता फोटो काढून पाठवा, मग पुढचं सांगतो.