'माय मोबाईल वॉज रॉब्ड' बरोबर की 'स्टोलन'? रॉब आणि स्टीलमध्ये नेमका फरक काय?

'स्टोलन' बरोबर, कारण स्टील होते ती वस्तू आणि रॉब होतो तो माणूस किंवा जागा. म्हणजे मोबाईल स्टोलन, पण तुम्ही स्वतः रॉब्ड, बँक रॉब्ड, दुकान रॉब्ड. 'आय वॉज स्टोलन' म्हणालात तर तुम्हालाच कोणीतरी पळवून नेलं असा अर्थ होतो 😄 मराठीत आपण हे न शिकताच बरोबर बोलतो बघा, बँक लुटली आणि पैसे चोरले, बँक चोरली असं कोणी म्हणत नाही, फक्त मराठीत 'दागिने लुटले' पण चालतं आणि तिथेच गोंधळ होतो कारण इंग्लिशमध्ये तसं चालत नाही. कुठल्याही चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत रचना दिलेली असते:

- स्टील समथिंग फ्रॉम समवन
- रॉब समवन ऑफ समथिंग (इथे 'ऑफ'च, 'फ्रॉम' नको)

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, बोलताना घरफोडीला पण 'वी वेअर रॉब्ड' सर्रास म्हणतात, पण पोलीस कंप्लेंट इंग्लिशमध्ये लिहीत असाल तर जपून. भारतीय न्याय संहितेत थेफ्ट म्हणजे चोरी कलम 303 मध्ये आणि रॉबरी 309 मध्ये, आणि चोरीची रॉबरी व्हायला मारहाण, अडवून धरणं किंवा त्याची तत्काळ भीती घालणं लागतं. गर्दीत खिशातून नकळत मोबाईल गेला असेल तर ती थेफ्टच.